एका शब्दाची आडकाठी

जुने शब्द वाचकास दोन प्रकारांनी अडवितात. काही शब्द इतके अपरिचित असतात की त्यांच्यापाशी आपण आपोआपच थांबतो, कोश उघडतो आणि अर्थ समजून पुढे जातो. अशा शब्दांपासून फारसे भय नाही. अनोळखी मनुष्य दाराशी आला म्हणजे घरचे लोक सावध होतातच. दुसऱ्या प्रकारचे शब्द मात्र ओळखीच्या माणसाचा वेष घेऊन येतात. त्यांचे रूप रोजच्या वापरातले, उच्चार सोपा, अक्षरे मोजून दोन-तीन. म्हणून वाचक त्यांना न विचारता आत घेतो, आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला तरी त्याला त्याची वार्ता नसते. इंग्रजीतील 'लेट' हा शब्द या दुसऱ्या वर्गातला आहे. एल, ई, टी या तीन अक्षरांच्या शब्दाचा अर्थ 'करू देणे' हा आपण शाळेच्या पहिल्या इयत्तांत शिकतो. परंतु याच तीन अक्षरांचा 'अडविणे, अडथळा' असा नेमका विरुद्ध अर्थही इंग्रजीत शेकडो वर्षे नांदत होता आणि काही ठिकाणी आजही नांदतो आहे, ही गोष्ट पदवीधरांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते.

हा विषय केवळ भाषापंडितांच्या करमणुकीचा असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु हा शब्द आता आमच्या घरांच्या कपाटांत येऊन बसला आहे. मुलगा हैदराबादेस नोकरीस लागतो, तेथून परदेशी जातो. मुलीच्या बाळंतपणासाठी आईस साता समुद्रांपलीकडे जावे लागते. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही पारपत्र ही वस्तू आता नवलाची राहिलेली नाही. त्या पुस्तिकेत भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते: ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांनी हे पारपत्र बाळगणाऱ्यास मोकळेपणाने जाऊ द्यावे, आणि ते कसे, तर 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'. 'लेट' म्हणजे परवानगी, असे मनात धरून हे वाक्य वाचणाऱ्याची पंचाईत होते. 'परवानगीवाचून किंवा अडथळ्यावाचून जाऊ द्यावे', याचा अर्थ काय करावयाचा? कोणी म्हणतो, परवानगी न विचारता जाऊ द्यावे असा भाव असेल. हा तर्क चतुर खरा, परंतु चूक आहे. येथे 'लेट' म्हणजे अडथळाच. 'हिंड्रन्स' हा त्याचा प्रतिस्पर्धी नसून सख्खा सोबती आहे. 'कोणतीही आडकाठी किंवा अडथळा न करता' एवढेच त्या शब्दांचे म्हणणे आहे.

आपल्या पारपत्रावर हीच विनंती हिंदीतही असते, आणि तेथे या जोडीसाठी 'रोक-टोक' हा शब्द योजला आहे. हे भाषांतर ज्याने केले त्याचे आम्हांस कौतुक वाटते. त्याने दोन्ही शब्दांचा अर्थ बरोबर जाणला, इतकेच नव्हे तर इंग्रजीतील जोडशब्दाला देशी जोडशब्दच दिला. म्हणजे एकाच पानावर प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी छापलेले आहेत. परंतु इंग्रजी जाणणारा वाचक हिंदी मजकुराकडे पाहत नाही, आणि हिंदी वाचणारास इंग्रजी मजकुराची अडचण पडत नाही. त्यामुळे कोडे तसेच राहते.

या विरोधाचे मूळ कोठे आहे ते पाहिले पाहिजे. प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. एक 'लॅटन', म्हणजे सोडणे, राहू देणे, करू देणे. दुसरे 'लेट्टन', म्हणजे उशीर करविणे, रोखणे. पहिल्यातील स्वर लांब होता. दुसऱ्यात स्वर आखूड आणि 'ट' जोडाक्षरी होता. चौदाव्या शतकात, चॉसर लिहीत होता त्या काळापर्यंत, हे दोन शब्द कानाला निराळे लागत. पुढे उच्चार बदलत गेले, शब्दांच्या अंतीचे प्रत्यय झडले, आणि दोन्ही एकाच सुरात येऊन मिळाले. निराळ्या गावांहून निघालेल्या दोन वाटा एका चौकात मिळाव्या आणि पुढे त्यांचा एकच रस्ता व्हावा, तसा हा प्रकार झाला. फरक इतकाच की या रस्त्यावरून एक जण 'जा' म्हणत होता आणि दुसरा 'थांब' म्हणत होता.

येथे आमच्या मराठी वाचकास एक सोयीची गोष्ट सांगितली पाहिजे. 'लेट्टन' हे क्रियापद ज्या विशेषणापासून निघाले त्याचा अर्थ 'मंद, उशिराचा' असा होता, आणि तेच विशेषण आजच्या इंग्रजीत 'उशिरा' या अर्थाने जिवंत आहे. आपण स्थानकावर उभे राहून 'गाडी लेट आहे' म्हणतो तो 'लेट' हाच. इंग्रजीत त्याचे अक्षरलेखन आणि उच्चार निराळे आहेत; परंतु आपल्या देवनागरीत ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' यांना स्वतंत्र चिन्ह नसल्यामुळे अडथळ्याचा लेट, परवानगीचा लेट आणि उशिराचा लेट असे तिघेही एकाच पोशाखात उभे राहतात. हा आपल्या लिपीचा दोष म्हणून कोणी नाक मुरडील. पण या एका ठिकाणी लिपीने न कळत खरे नाते सांगितले आहे. उशीर करविणे म्हणजेच अडविणे. आपला 'खोळंबा' हा शब्द पाहावा. त्यात उशीर किती आणि अडथळा किती हे कोण वेगळे काढू शकेल?

याहूनही मागे गेले तर नवल आणखी वाढते. भाषाशास्त्रज्ञांच्या मते ही दोन्ही क्रियापदे शेवटी एकाच धातूपाशी पोहोचतात, आणि त्या धातूचा अर्थ 'सैल पडणे, सैल सोडणे' असा आहे. एकाच सैलपणातून 'जाऊ देणे' आणि 'खोळंबून ठेवणे' हे दोन विरुद्ध अर्थ कसे निघाले असा प्रश्न इंग्रजास पडेल. मराठी माणसास तो पडू नये. आपल्याकडे 'ढील' हा शब्द आहे. पतंगाला ढील दिली की पतंग पुढे जातो. मुलाला ढील दिली की मुलगा मन मानेल तसे करतो. हा झाला 'करू देणे' हा अर्थ. आणि कचेरीतल्या कारभारात ढिलाई आली की कागद महिनोन्महिने पुढे सरकत नाही. हा झाला 'अडकणे' हा अर्थ. दोर सैल सोडणाराचा सैलपणा स्वातंत्र्य देतो, काम करणाराचा सैलपणा दुसऱ्याचे स्वातंत्र्य खातो. इंग्रजीने एका धातूपासून दोन शब्द केले, ते वाढविले आणि पुन्हा एकत्र आणून उभे केले. आपल्या भाषेने दोन्ही अर्थ एकाच घरात ठेवले, एवढाच भेद.

अडथळ्याचा लेट इंग्रजी वाङ्मयात ज्या ठिकाणी भेटतो त्यांतील दोन ठिकाणे आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेत. पहिले शेक्सपियरचे 'हॅम्लेट'. पहिल्या अंकात पित्याचे पिशाच खुणावून बोलावते, राजपुत्र त्याच्या मागे जाऊ पाहतो, आणि सोबती त्याला धरून ठेवतात. तेव्हा तो त्यांना जिवे मारण्याची धमकी देतो; आणि ही धमकी ज्याला उद्देशून आहे तो म्हणजे त्याला 'लेट' करणारा. परवानगीचा अर्थ घेतला तर, जो मला जाऊ देईल त्याला ठार करीन, असे हॅम्लेट म्हणतो असे ठरेल. राजपुत्राच्या वेडाविषयी विद्वानांत इतका वाद आहे की एखादा विद्यार्थी हाही त्याच्या वेडाचाच पुरावा समजावयाचा! वास्तविक त्या क्षणी हॅम्लेटइतका सरळ बोलणारा मनुष्य रंगभूमीवर दुसरा नाही. त्याला जावयाचे आहे, लोक अडवीत आहेत, आणि तो 'अडवाल तर मराल' असे बजावीत आहे. या नाटकाचे 'विकारविलसित' हे मराठी रूप गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. आगरकरांचे शालेय शिक्षण अकोल्यास, म्हणजे आमच्या वऱ्हाडातच झाले होते. अशा स्थळी भाषांतरकाराची खरी परीक्षा होते. अवघड शब्द त्याला कोशाकडे पाठवितात. परंतु 'लेट'सारखा सोपा शब्द त्याला कोशाकडे जाऊच देत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे १६११ सालचे इंग्रजी बायबल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की, तुमच्याकडे येण्याचा बेत मी पुष्कळ वेळा केला, परंतु आजवर मला अडथळा झाला. आणि या 'अडथळा झाला' साठी तेथे 'लेट' हाच शब्द आहे. १८८१ साली नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली तेव्हा संपादकांनी तो काढून 'हिंडर' हे क्रियापद घातले. संपादकांना तो शब्द कळत नव्हता असे नाही. वाचकांना कळेनासा झाला होता. धर्मग्रंथाच्या भाषेत हात घालण्यास इंग्रज फार कचरतो. तेथेही ही दुरुस्ती करावी लागली, यावरून घोटाळा केवढा माजला होता ते दिसते.

विरुद्ध अर्थाचे दोन शब्द एकाच उच्चाराचे झाले म्हणजे त्यांतील एकास जावे लागते, असे भाषाशास्त्र सांगते. फ्रेंच पंडित जिल्येराँ यांनी दाखविलेले गॅस्कनी प्रांताचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील बोलीत उच्चार बदलून 'कोंबडा' आणि 'मांजर' हे दोन शब्द एकच झाले. खुराड्यात कोंबडा शिरला की मांजर शिरले हे शेतकऱ्याला कळणे अगत्याचे. तेव्हा लोकांनी कोंबड्याचे जुने नाव सोडून दिले, आणि त्याला कोणी रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याचे, तर कोणी थेट गावच्या पाद्र्याच्या हुद्द्याचे नाव दिले! 'लेट'च्या बाबतीतही तसेच झाले. परवानगीचा लेट रोजच्या बोलण्यात शंभर वेळा लागणारा. त्यापुढे अडथळ्याचा लेट टिकला नाही. बोलण्यातून तो गेला, पण तीन जागी राहिला: पारपत्रात, वकिलांच्या दस्तऐवजांत आणि खेळाच्या मैदानावर.

मैदानावरचा लेट आमच्या मुलांस ठाऊक आहे, परंतु तो कोण हे ठाऊक नाही. टेनिसमध्ये पहिला चेंडू जाळीस स्पर्श करून योग्य चौकोनात पडला की 'लेट' म्हणून तो पुन्हा टाकावयाचा. बॅडमिंटनमध्ये शेजारच्या अंगणातले फूल मध्येच येऊन पडले की 'लेट' म्हणून तो डाव पुन्हा खेळावयाचा. म्हणजे खेळात काहीतरी आडवे आले, सबब झालेले जमेस धरू नये, हा त्याचा भाव आहे. बॅडमिंटन हा खेळ पुण्याच्या लष्करी छावणीत १८७३ च्या सुमारास नियमांत बांधला गेला असे सांगतात. ते खरे असेल तर हा जुना शब्द महाराष्ट्राच्या मातीवर दीडशे वर्षे ओरडला जात आहे, आणि ओरडणारी मुले त्याला 'उशीर' समजत आहेत.

दस्तऐवजांतील प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे. घराच्या दारावर 'टु लेट' अशी पाटी लागते तेव्हा तो परवानगीचा लेट. मालक घर दुसऱ्यास वापरू देतो, म्हणून भाड्याने देतो. मग वकील भाडेपट्टा लिहितो. त्यात जुन्या इंग्रजी वळणाचे एक कलम असते, की भाडेकरूने भाडे वेळेवर दिले आणि अटी पाळल्या तर त्याने ती जागा मालकाच्या कोणत्याही 'लेट'वाचून उपभोगावी. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमानेही भाडेकरूस असे निर्वेध उपभोगाचे अभिवचन दिलेले आहे. म्हणजे एकाच कागदावर पहिल्या ओळीत मालक घर 'लेट' करतो आणि पुढच्या पानावर 'लेट' न करण्याचे वचन देतो. ज्याला दोन शब्द माहीत नाहीत त्याला हे वचन म्हणजे मालकाने केलेली फसवणूक वाटेल. ज्याला माहीत आहेत त्याला त्यात पुरा न्याय दिसेल. वापरू देणे आणि वापरात आडवे न येणे ही एकाच कराराची दोन अंगे आहेत. एक अंग दिले आणि दुसरे राखून ठेवले तर दिलेले खोटे ठरते.

आमच्या भागाच्या इतिहासातच याचे एक मोठे उदाहरण आहे. पांढरकवडा हे वऱ्हाडातील केळापूर तालुक्याचे ठाणे. हे सारे वऱ्हाड निजामाने ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने, दरसाल २५ लक्ष रुपये घेऊन, इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्याने दिले. इंग्रजी शब्दांत सांगावयाचे तर निजामाने वऱ्हाड 'लेट' केले. कागदावर स्वामित्व त्याचेच राहिले. पुढच्या निजामाने ते परत मागितले तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने त्यास साफ नकार दिला. पट्टा देणारा मालक स्वतःच्या मालमत्तेकडे येऊ लागला, आणि पट्टेदाराने त्याच्या वाटेत आडकाठी घातली. दोन्ही लेट एका करारात आले ते असे. फक्त येथे अडविणारा मालक नव्हता, कुळ होते.

आता आपल्या भाषेकडे वळून पाहू. कारण असले घोटाळे इंग्रजीचेच दुर्दैव आहे असे समजणे हा निव्वळ अभिमान होईल. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडणे म्हणजे नारळ 'वाढविणे', आणि फुटलेली बांगडी 'वाढली' असे म्हणतो. येथे अशुभ टाळण्यासाठी आपण होऊन उलटा शब्द घेतला आहे. 'परवा' म्हणजे होऊन गेलेला दिवस आणि येणारा दिवसही; येथे एकच अंतर दोन दिशांना मोजले आहे. या प्रकारांत आणि 'लेट'मध्ये भेद आहे. 'येतो' आणि 'परवा' यांत शब्द एकच असून अर्थाला दोन तोंडे फुटली. 'लेट'मध्ये शब्द दोन असून तोंड एक झाले. हा भेद ध्यानात न घेता सर्वांना एकाच दाव्याला बांधणारे लेख आम्ही वाचले आहेत. त्यांनी करमणूक होते, ज्ञान होत नाही.

परंतु 'लेट'च्या अगदी जवळचा, आणि आमच्या मते त्याहूनही रम्य, असा मराठी शब्द म्हणजे 'हरकत'. हा मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ हालचाल, गती. हिंदी-उर्दूत तो कृती, आणि बहुधा वाईट कृती, या अर्थाने चालतो. विदर्भात हिंदी घरोघर ऐकू येते, म्हणून 'ही काय हरकत आहे?' या हिंदी प्रश्नाचा अर्थ आमच्याकडील मुलालाही कळतो. गवयाने तानेत घेतलेली चपळ मुरड तीही हरकतच, आणि तेथे मूळचा गतीचा अर्थ शाबूत आहे. मराठी व्यवहारात मात्र 'हरकत' म्हणजे अडथळा, आक्षेप. जाहीर नोटिशीवर मुदतीत 'हरकत' घ्यावयाची असते, आणि आपल्याला काही अडचण नसली की आपण 'हरकत नाही' म्हणतो. ज्या शब्दाचा अर्थ चालणे असा होता, त्याचा अर्थ चालणाऱ्यास थांबविणे असा झाला! संध्याकाळी मैफलीत 'काय सुंदर हरकत घेतली' म्हणणारा श्रोता सकाळी तहसिलीत फेरफारावर हरकत घेतो, आणि त्याला यात काहीच विसंगत वाटत नाही. मग इंग्रजाच्या 'लेट'ला आपण कोणत्या तोंडाने हसावे?

आणखी एक शब्द याच रस्त्यावरचा आहे. नागपूर-हैदराबाद हमरस्ता पांढरकवड्यावरून जातो आणि पुढे पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. त्यावरील वाहनांच्या गर्दीस आपण 'रहदारी' म्हणतो. परंतु जुन्या कारभारात राहदारी म्हणजे वाटेवरचा कर आणि वाटेने जाऊ देण्याचा परवानाही. त्या काळचे दस्तक आणि परवाने पाहिले तर वाटेवरच्या अधिकाऱ्यांस 'मुजाहीम न होणे', म्हणजे आडवे न येणे, अशी ताकीद असते. आजच्या पारपत्रातील विनंती आणि ही ताकीद यांचा आशय एकच आहे. प्रवाशाला आडवा येणारा शिपाई सर्व राज्यांत सारखाच, त्यामुळे त्याला आवरणारे शब्दही सर्व भाषांत सारखेच निघाले. करवसुलीचे अनेक राज्यांच्या सीमांवरील नाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर उठले. त्यापूर्वी मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना 'लेट' म्हणजे उशीर आणि 'लेट' म्हणजे अडथळा हे दोन अर्थ व्युत्पत्तीवाचून समजले असतील. अडथळ्यावाचूनचा प्रवास पाहावयाचा तर जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेल्या वाघाचा पाहावा. तो दोन राज्यांची माती तुडवीत तेराशे किलोमीटरांचे अंतर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेच्या रानात पोहोचला. त्याच्यापाशी पारपत्र नव्हते. पण तशी रोकटोकही कोणाच्याने झाली नाही.

आता या शब्दाच्या अर्थावर प्रत्यक्षात काय अवलंबून आहे ते सांगतो. पारपत्र म्हणजे सरकारने दिलेली परवानगी की नागरिकाच्या वाटेतील अडथळे दूर करण्याची सरकारने केलेली व्यवस्था, हा प्रश्न एका काळी खरोखरच उपस्थित झाला होता. १९२० चा कायदा भारतात प्रवेश करणाऱ्यांच्या पारपत्रांविषयी होता. येथून बाहेर जाणाऱ्यास पारपत्र द्यावे की नाकारावे याविषयी १९६७ पर्यंत कायदाच नव्हता. ती सरकारच्या मर्जीची बाब होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग सॉहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की परदेशी प्रवास करणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो रोखता येणार नाही. त्याच वर्षी पारपत्रांचा नवा कायदा झाला. पुढे मेनका गांधी यांचे पारपत्र सरकारने कारणे न सांगता जमा करण्यास सांगितले, तेव्हा २५ जानेवारी १९७८ च्या निर्णयात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: नुसता कायदा असून भागत नाही, त्या कायद्याने ठरविलेली रीतही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. म्हणजे परवानगीचा लेट मागे सरला आणि अडथळ्याचा लेट पुढे आला. आता प्रश्न 'सरकार जाऊ देते काय?' हा नसून 'सरकार कोणत्या आधाराने अडविते?' हा आहे. जो नागरिक त्या पुस्तिकेतील शब्द 'परवानगी' म्हणून वाचतो, तो न कळत १९६७ च्या पूर्वीच्या काळात राहतो.

मग या शब्दाचे करावे काय? काही सुधारक म्हणतात, असले जुनाट शब्द काढून टाकावेत. आमचे मत असे की प्रत्येक ठिकाणचा न्याय निराळा आहे. 'हॅम्लेट'मधील शब्द काढण्याचा अधिकार कोणाला नाही. तेथे टीप द्यावी. खेळातला शब्द खेळणाऱ्यांचा आहे, आणि त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पारपत्रातील जोडी परंपरेची आहे. ब्रिटनच्या पारपत्रातही ती आहे, आणि शेजारच्या 'हिंड्रन्स'मुळे तिचा अर्थ पूर्ण हरवत नाही. जोडशब्दांचा हा एक उपकारच असतो. आपल्या 'बाजारहाट', 'कागदपत्र' या शब्दांतही परका आणि घरचा किंवा जुना आणि नवा असे दोघे एकमेकांचा अर्थ सांगत उभे असतात. परंतु भाडेपट्टे, खरेदीखते आणि करारनामे यांत मात्र हा शब्द राहू नये, कारण तेथे तो वाचणाऱ्याचे घर आणि शेत पणास लागलेले असते. आणि मराठीत दस्त लिहिणाराने तर इंग्रजी मसुद्यापुढे मान तुकविण्याचे कारणच नाही. 'आडकाठी', 'अटकाव', 'मज्जाव', 'हरकत', 'निर्वेध' असे नेमके शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत. 'आडकाठी' या शब्दात तर वाटेत आडवी घातलेली काठी डोळ्यांना दिसते. याहून चांगले चित्र इंग्रजीत सापडणार नाही.

आमची खरी तक्रार शब्दाविषयी नसून तो ज्या रीतीने शिकविला जातो तिच्याविषयी आहे. विद्यार्थ्यांच्या खिशातील छोट्या कोशांत 'लेट'पुढे 'देणे, करू देणे, भाड्याने देणे' एवढे लिहून जागा संपते. मार्गदर्शक पुस्तकांत 'लेट ऑर हिंड्रन्स'चा अर्थ 'अडथळ्याशिवाय' असा एकगठ्ठा दिलेला असतो. तो बरोबर आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. कारण उत्तर मिळाल्यामुळे 'लेट'चा येथे असा अर्थ का, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठतच नाही. ज्याला हा प्रश्न पडला तो दुसऱ्या दिवशी 'प्रिव्हेंट' या शब्दापाशीही थांबेल, आणि जुन्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला 'आम्हांस प्रिव्हेंट कर' अशी विनवणी का केली आहे ते शोधील. तेथे 'आमच्या पुढे चालून वाट दाखव' असा मूळ लॅटिन अर्थ आहे हे त्याला कळेल. ज्याला प्रश्न पडला नाही तो भक्ताला वेडा ठरवून पुढे जाईल.

यातून वाचनाचा एक साधा नियम निघतो. ओळखीच्या शब्दाने वाक्याचा अर्थ विपरीत होत असेल तर लेखकास दोष देण्यापूर्वी त्या शब्दाची चौकशी करावी. हॅम्लेट वेडा आहे, पौल गोंधळला आहे, मालक फसवीत आहे किंवा राष्ट्रपतींच्या नावाने काही तरी निरर्थक छापले आहे, असे मानण्यापेक्षा तीन अक्षरांच्या एका शब्दाला आणखी एक अर्थ असू शकेल असे मानणे अधिक सोपे आहे आणि अधिक विनयाचेही आहे. आपल्या घरच्या पारपत्रातील ते पान वाचकांनी एकदा उघडून वाचावे, आणि मुलांकडूनही वाचवून घ्यावे. तेथे कोणी आपल्याला जाण्याची मुभा देत नाही. आपण जाणारच आहो हे गृहीत धरून, वाटेत कोणी आडवे येऊ नये, एवढेच त्या पानावर सांगितलेले आहे.